काटा साठावर

कूलिंगकाकांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या खोल्या गार करण्यात घालवलं. एसी दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दाराखालची फट, खिडकीची चीर, कुठे गळती दिसली की ते चिकटपट्टी मारून मोकळे. घरात लेकीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. बायको होती तोवर तीच मध्ये पडायची. ती गेली, आणि वर्षभरात लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघून गेली. मागे ठेवला काचेच्या पेटीतला हातभर अजगर. त्याचं नाव आळशी.

तेव्हापासून दर रविवारी पाच वाजता फोन यायचा. "आळशी कसा आहे? काटा किती?" बापाची चौकशी त्यात नसायची. पण फोन यायचा, आणि काकांना तेवढं पुरत होतं. आठवडाभर ते त्या फोनवरच जगत होते म्हणा ना.

काटा म्हणजे पेटीतलं ओलावा मोजायचं घड्याळ. तो साठाच्या आसपास हवा. उन्हाळ्यात तो चाळिसावर आला आणि आळशीची कात सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली. फोनवर लेक तडकली, "बाबा, एवढंही जमत नाही तुम्हाला?"

हे काकांच्या जिव्हारी लागलं. हवेची कामं करून केस पिकले आणि एक पेटी जमत नाही? जाताना लेकीने चिठ्ठीत लिहिलं होतं, झाकणाची जाळी झाकू नका. पण जाळी म्हणजे गळती, आणि गळती दिसल्यावर काकांचे हात थोडेच स्वस्थ बसणार! त्यांनी जाळीवर चंदेरी पट्टी मारली, कडेच्या भोकांवरही मारली. दुसऱ्या दिवशी काटा साठावर. रविवारी त्यांनी तो आकडा सांगितला.

"अरे वा, बाबा!" लेक म्हणाली.

असं ती शाळा सुटल्यापासून म्हणाली नव्हती. काकांनी त्या दिवशी पट्टीचा आणखी एक थर चढवला.

तीन आठवडे काटा हलला नाही. चौथ्या आठवड्यात आळशी मान उंच करून, तोंड उघडं टाकून बसू लागला. श्वास घेताना शिट्टी वाजायची, ओठांशी फेस यायचा. खालचा नारळाचा भुसा बुरसला होता. काका पेटी उचलून धावतपळत प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "काका, काटा ओलावा दाखवतो. हवा खेळतेय की नाही, ते नाही दाखवत. फुप्फुसं भरलीत याची. फार उशीर केलात."

हवा खेळती ठेवा, हे काका हजार घरांत सांगून आले होते.

औषध दिलं, पट्टी ओरबाडून काढली. बुधवारी आळशी गेला.

रविवारी पाचला फोन आला. खोटं बोलावं असं काकांच्या फार मनात होतं.

"गेला गं तो," ते म्हणाले.

लेकीने विचारलं, "जाळी बंद केली होतीत?"

"हो."

"बरं. ठेवते."

पुढच्या रविवारी काकांनी पेटी पुसली, नवा भुसा पसरला, जाळी मोकळी ठेवली आणि दर थोड्या वेळाने पाणी शिंपडत ते फोन मांडीवर घेऊन बसले. पाच वाजले. सहा वाजले. काटा बरोबर साठावर होता आणि तो सांगायला कोणी नव्हतं.