हॉकीच्या टीममधली चार आण्यांची पाती

आमच्या धारच्या हॉकी टीमचे किस्से म्हणजे, भिया, माळ्यावर टाकलेलं सामान. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. त्यातून दोन जुने खेळाडू भेटले की एकाच किश्शाचे तीन होतात! खरं सांगू का, त्या दिवसांत कोणालाच काही कळत नव्हतं. मला तर अजूनही कळलेलं नाही. तरी सांगतो.

संस्थान विलीन झालं आणि आमचा पगार बंद. आम्ही दरबारचे पगारी खेळाडू. कारकुनांना नव्या सरकारनं सामावून घेतलं, घोडे विकले गेले, पण हॉकीवाल्यांचं करायचं काय? कचेरीत गेलो तर साहेब विचारी, तुमचं खातं कोणतं? आता हॉकीला कुठलं आलंय खातं, कपाळ!

शेवटी टीम दादासाहेबांनी पदरात घेतली. ते पूर्वी दरबारात खासगीकडचे अंमलदार. स्वतःचा टांगा विकून आम्हाला जेवू घालत. टीम मोडली असती तर मी अमझेऱ्याला काकांच्या शेतावर गेलो असतो, बाकीचे आपापल्या गावी. पण दादासाहेब कुठे जाणार? ना मूल ना बाळ. त्या माणसाला टीमशिवाय दुसरं काही नव्हतंच हो.

*

टांग्याचे पैसे संपले तेव्हा दादासाहेब पन्नालाल शेठकडे वर्गणी मागायला गेले. शेठजींची मनावर गावात कापसाची जिनिंग, धारला पेढी. हॉकी जन्मात पाहिलेली नाही.

शेठजी म्हणाले, "चंदो नी दूं. पाती लूं."

माळव्यातल्या व्यापाऱ्याची रीतच ती. नुसते दिलेले पैसे त्याला टोचतात, पाती म्हणजे भागीदारी असली की निवांत झोप लागते. मग दुकानात ठरते तशीच पाती ठरली. सोळा आण्यांत बारा आणे दादासाहेबांचे, चार आणे शेठजींचे. गूळ वाटला. विकलं काय आणि घेतलं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं!

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठजी किल्ल्याखालच्या मैदानावर हजर. यांतले माझे कोणते, म्हणून विचारू लागले.

दादासाहेब गोंधळले. अकरा खेळाडूंत चार आणे म्हणजे पावणेतीन माणसं! पिच्छा सुटावा म्हणून त्यांनी गोलकीपर गणपत दाखवला, सेंटर हाफ मी, आणि लेफ्ट आउट उस्मान. उस्मानचा गुडघा दुखरा होता, तो पाऊण धरा म्हणाले.

त्या दिवसापासून शेठजींकडून दूध येऊ लागलं. गणपतला लोटाभर, मला लोटाभर आणि उस्मानला पाऊण लोटा. उस्मान बिचारा महिनाभर विचारत होता, "भिया, मेरा ही कम क्यूं?" कोणाची सांगायची छाती झाली नाही.

*

देवासचा किस्सा तर विचारूच नका. एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती, हे तुम्हाला माहीतच आहे. आम्ही बोलावलं देवासला, आणि आले दोन देवास! दोन्ही कप्तान म्हणतात, देवास आम्हीच.

शेठजींना मात्र जरासुद्धा नवल वाटलं नाही. गावाचीच पाती झालेली, मग टीमची होणारच, असा त्यांचा हिशेब. दादासाहेबांनी अर्धा वेळ एकाशी, अर्धा वेळ दुसऱ्याशी खेळवलं. ते ताजेतवाने, आमची जीभ बाहेर. जिंकलं कोण, हे अजून देवासवाल्यांतही ठरलेलं नाही.

*

मग इंदूरच्या एका मिलचा माणूस आला. मिलवाले तेव्हा चांगले खेळाडू उचलत. त्यांना गणपत हवा होता. पक्की नोकरी, राहायला खोली. दादासाहेबांचा चेहरा पडला. गणपत गेला की टीम खिळखिळी, हे सगळ्यांना दिसत होतं. पण गणपत तर शेठजींच्या पातीतला!

आम्हाला वाटलं, शेठ आता घासाघीस करणार, व्यापारी माणूस. शेठजींनी गणपतला फक्त विचारलं, तुझी आई कुठे राहते? तो म्हणाला, निसरपूरला, एकटी. शेठजींनी त्याच्या हातावर श्रीफळ ठेवलं आणि आईला घेऊन इंदूरला जा म्हणाले. मिलवाल्याकडून एक पैसा घेतला नाही. असं का केलं? मला विचारू नका.

*

पुढच्याच रविवारी देवासशी सामना. या खेपेला देवास एकच होतं, देवाची कृपा. पण आम्ही दहा! दादासाहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, हा शेवटचा सामना, यापुढे मला झेपणार नाही.  आम्ही कोणी वर बघत नव्हतो.

शिट्टी व्हायच्या आत शेठजी मैदानात शिरले. धोतर, पगडी, आणि पायाला गणपतचे पॅड, तेही उलटे. दादासाहेब म्हणाले, शेठजी, हे काय?

"गुमाश्तो नी आयो तो पाती वालो गादी पे बैठे," शेठजी म्हणाले. "गादी खाली नी रेवे." म्हणजे गुमास्ता आला नाही तर भागीदारानं बसायचं, पण गादी रिकामी ठेवायची नाही.

आणि उभे राहिले की गोलात! डोळे गच्च मिटून. सात गोल झाले. आठवा नडगीवर बसला म्हणून वाचला. देवासचे लोक हसून हसून लोळले. सामना संपला तेव्हा नडगी टम्म सुजली होती, पगडी कुठेतरी पडली होती.

दादासाहेब आम्हाला गोळा करून निरोपाचं बोलणार होते. काठ्या परत घ्यायला त्यांनी हातसुद्धा पुढे केला होता. तेवढ्यात शेठजी लंगडत लंगडत आले.

"सबेरे कित्ता बजे आनो हे?"

 पुढे केलेला हात दादासाहेबांनी हळूच मागे घेतला.

"सहाला," ते म्हणाले. "आणि शेठजी, पॅड सुलटे घालून या."