ट्रॉलीचा चौथा पाय

ट्रॉलीच्या आतला पत्रा मी पहिल्यांदा खोलला तेव्हा आधी वास आला. तंबाखू, चुना, सुपारी, सगळं एकत्र. मग दिसलं. वायरीला वायर नुसती पिळून जोडलेली आणि त्या जोडावर टेपऐवजी खर्र्याची पन्नी गुंडाळून वरून दोरा बांधलेला. बाहेरगावच्यांना सांगायला पाहिजे, आमच्याकडे सुपारी-तंबाखू घोटून खर्रा करतात आणि तो इवल्याशा प्लास्टिकच्या पन्नीत विकतात. माणूस खर्रा तोंडात टाकतो, पन्नी रस्त्यावर. आमच्या गाडीत मात्र एकही पन्नी वाया गेली नव्हती. काहींच्या आत लाल थेंब तसेच सुकलेले. मी पत्रा परत लावला आणि मोरीवर जाऊन दोनदा साबणानं हात धुतले.

ही गाडी कशासाठी, ते आधी सांगते. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, भाऊजी गेल्यावर उमरखेडचं घर बंद करून आमच्याकडे दिग्रसला आली. चुलीच्या धुरानं तिची फुफ्फुसं कडक झालेली. नाकात नळी, शेजारी श्वासाचं मशीन, आणि ते मशीन विजेवर. वीज गेली की छोटं सिलेंडर, पण ते चालतं दोन-अडीच तास. म्हणजे तिचं जग झालं त्या मशीनच्या वायरीएवढं. आमचे वडील जंगलखात्यात होते, आम्ही वाढलो झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात. बाईचं एकच म्हणणं होतं, "मोहफूल पडाच्या दिवसात मले एक डाव तिथं नेऊन आना. मंग काही मागत नाही."

तिथं आता आमचं कोणी नाही. वीज आली तर आली. म्हणून आमच्या ह्यांनी ठरवलं, चालतं घरच बनवायचं. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मात घरातला बल्ब कधी बदलला नाही, तोही मीच बदलायची. पण मोबाईलवर कुठल्या तरी देशातल्या लोकांच्या घरगाड्या पाहून पाहून ह्यांना वाटायला लागलं की आपणही तसलेच. एक जुनी दोन चाकांची ट्रॉली आणली, जीपच्या मागं जोडायची. वर पत्र्याची खोली, आत खाट, घरातलाच इन्व्हर्टर आणि बॅटरी उचलून तिथं ठेवली. म्हणजे घरातली वीज गेली की आम्ही अंधारात, आणि ट्रॉलीत लख्ख उजेड.

काम करायला ह्यांचा एक वेल्डिंगवाला दोस्त. माणूस मनानं चांगला, पण गाल कायम भरलेला. त्याच्याशी बोलायचं म्हणजे आधी तो उठून जाणार, थुंकणार, मग येऊन "काय म्हनता काकू" म्हणणार. थुंकायला त्यानं जागा शोधली ती बॅटरीच्या पेटीमागची. मी एक दिवस डबा आणून ठेवला, त्यावर लिहिलं, इथे थुंका. त्यानं त्यात खिळे भरले.

पन्न्या पाहिल्या त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अवो, त्या वायरीच्या जोडाले काय गुंडाळलं तुमी? गरम झाली तर वितळून जाईन ते."

"पिलास्टिकच आहे ना? टेपही पिलास्टिकचीच असते."

"टेप आन् खर्र्याची पन्नी एक व्हय?"

वेल्डिंगवाला हसला. "काकू, तुमी स्वयंपाकातलं पाहा. वायरिंग आमच्यावर सोडा."

आता मी शिकलेली नाही, खरंय. सातवीनंतर शाळा सुटली. पण लग्नानंतर मिक्सर बंद पडला आणि दुरुस्तीवाला आठ-आठ दिवस येईना, तेव्हा मी तो खोलून बसले. पहिल्यांदा स्क्रू उरले, दुसऱ्यांदा नाही उरले. मग इस्त्री, मग कूलरची मोटर, मग शेजारणींचेही मिक्सर. माझा टेस्टर माझ्या शिवणाच्या डब्यात असतो, कात्रीच्या बाजूला. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी तेव्हा बोलून गप्प बसले. भाजी जळत होती, मी आत गेले. ह्या गप्प बसण्याचा मला पुढं त्या पन्न्यांपेक्षा जास्त तिटकारा आला.

हिवाळ्यात ह्यांनी जाहीर केलं, गाडी तयार आहे, आधी आपल्या शेतात नेऊन पाहू. बाई तर सकाळपासून नवं लुगडं नेसून बसलेली. तिला छोटं सिलेंडर लावून जीपमध्ये बसवलं, मागं ट्रॉली, आणि आम्ही गावाबाहेरच्या शेतात गेलो. गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं. आमची जमीन काळी. ओली झाली की चप्पल ओढून घेते.

दोन चाकांची ट्रॉली जीपपासून सोडली की पुढं तरी कलते, मागं तरी. म्हणून चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय बसवले होते, पाना फिरवला की खालीवर होणारे. मोबाईलवरच्या गाड्यांना पायाखाली रुंद पाट्या असतात, एवढं तर मीही पाहिलं होतं. आमच्या पायांना पाट्या नव्हत्या, नुसते पाइप. दोन पाय विटांवर ठेवले. तिसरा पाय ज्यावर ठेवला तो दगड मला ओळखीचा वाटला. जवळ जाऊन पाहते तर माझा पाटा! माझ्या आईनं दिलेला, ज्यावर मी तीस-पस्तीस वर्षं चटणी वाटली.

"हा इथं कसा आला?"

"मिक्सर आहे ना आता तुझ्याजवळ," हे म्हणाले. "कायले लागते पाटा?"

त्यावर चिखल, ग्रीस, आणि कडेला तांबडा शिंतोडा. चौथ्या पायाला वीटच उरली नव्हती. तो तसाच ओल्या मातीत टोचला. बाईला आत खाटेवर बसवलं, मशीन लावलं.

मशीन इन्व्हर्टरवर नीट चाललं असतं. पण ह्यांना शेताच्या विजेवरही चालवून दाखवायचं होतं. आता शेतातली वीज पंपासाठी असते, तीन तारांची. घरासारखी परतीची तार तिथं येत नाही. मग आमच्याकडचे लोक काय करतात, एका तारेवरून वीज घेतात आणि लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, जमिनीत ठोकून परतीची वायर तिला बांधतात. जमीनच तार झाली. उजेड कमी पडला की सब्बलीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओततात. सगळ्या शेतांत असंच चालतं, म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ह्यांनीही तेच केलं. फक्त सब्बल घरी राहिली होती.

मी तेव्हा बांधावर तीन दगड मांडून चहा करत होते. बाईसाठी कप घेऊन गेले, हात ओला होता, दाराची लोखंडी चौकट धरली. मुंग्या आल्या. कोपरापर्यंत.

"अवो, चौकटीले करंट आहे."

"थंडीचा हात बधिर झाला असन तुझा," हे खालून बोलले. मी वाकून पाहिलं. हे चौथ्या पायाशी पाना घेऊन बसलेले. आतून बाईचा आवाज आला, "जवाईबुवा, मी घसरून राह्यली खाटेवरून. हा कोपरा खाली गेला."

"थांबा बाई, पाय वर उचलतो, वीट टाकतो खाली. दोन मिंट."

तोवर मी डब्यातून काढून पदरात बांधून आणलेला टेस्टर सोडून चौकटीला लावला होता. भर दिवसा, सावली करून पाहावं लागलं. पेटला होता. मग वायरीमागं नजर नेली. पंपाच्या स्टार्टरपासून एक वायर आत गेलेली. दुसरी, परतीची, आतून बाहेर येऊन त्या चौथ्या पायालाच बांधलेली.

"सब्बल कुठं ठोकली?"

"सब्बल कायले पाहिजे? पाय तं रुतलाच आहे मातीत." वेल्डिंगवाला बांधावरून म्हणाला, आणि तोंडात पाणी असल्यासारखा मान वर करून, "आयडिया आपलीच आहे काकू."

मला ते समजायला वेळ लागला नाही. दोन पाय विटांवर, एक दगडावर, चाकं रबराची. सगळ्या गाडीतली वीज जमिनीत उतरत होती ती फक्त ह्या एका पायातून. हे तो पाय उचलणार. उचलला की वीज कुठं जाणार? सगळ्या पत्र्यात. गाडीला टेकलेल्या ह्यांच्या हातात. आणि बाई, नाकात नळी घालून, मग ती दार धरून खाली पाय ठेवणार ओल्या मातीत.

"पान्याले हात लावू नका!" मी ओरडले. अशी मी पोरांवरही कधी ओरडले नाही. "बाई, तू जागची हलू नको. खाली पाय ठेवू नको!"

"काहून वो, काय झालं?" बाईनं आतून विचारलं.

मी पळत जाऊन स्टार्टरचा खटका पाडला. मशीन बंद पडलं, त्याची वीज गेल्याची शिट्टी वाजायला लागली. परत टेस्टर लावून पाहिलं, मेलेला. मग वर चढले, बाईच्या नळीला छोटं सिलेंडर जोडलं.

खाली उतरून मी ह्यांना सांगितलं, पाय उचलला असता तर काय झालं असतं. हे पाना हातात धरून तसेच बसले होते. चेहरा उतरला. वेल्डिंगवाला मात्र म्हणाला, "काकू, शेतात सगळेच करतात तसं. आजवर काही नाही झालं."

"थुंकून ये आधी," मी म्हणाले. "मंग बोल माझ्यासंग."

तो गेला आणि बराच वेळ आला नाही.

मला तेव्हा रडूही आलं नाही, नुसती किळस आली. त्या पन्न्यांची, तांबड्या शिंतोड्याची, 'सगळेच करतात' म्हणण्याची, आणि ज्या दिवशी पत्रा उघडला त्या दिवशी भाजी उतरवायला आत गेले त्या माझी. मी ठरवून टाकलं, ही ट्रॉली भंगारात. बाईला तसं सांगितलं. तिला उतरवून बांधावर खुर्चीत बसवलं होतं, ती गव्हाकडे पाहत होती.

"मंग मी कशी जाऊ?" ती म्हणाली. रागानं नाही. नळी सारखी करत, हळूच. "तुले येते ना. तूच करून दे."

भंगारवाला राहिला. मी पत्रे खोलले. पन्न्या चिमट्यानं उचलून बादलीत टाकल्या, हातानं नाही. सगळी वायर नवी टाकली, जोड पेटीत बसवले, विजेची गळती झाली की आपोआप पडणारा खटका लावला. परतीची वायर लोखंडाला कुठंच टेकू दिली नाही. गाडीच्या अंगाला वेगळी अर्थिंग, तिची सळई गाडीतच बांधून ठेवली, म्हणजे घरी राहायला नको. चार पायांना चार रुंद लोखंडी पाट्या. त्या वेल्डिंगवाल्यानंच करून दिल्या, माझ्यासमोर, रिकाम्या तोंडानं. एवढा मुका माणूस मी पाहिला नाही. बाई खाटेवर बसून मला टेप तोडून देत होती आणि ह्यांना चिडवत होती, "जवाईबुवा, तुमी कचेरीत होते तवा फायली तरी अशाच बांधल्या का पन्नीत?" हे हसत नव्हते. पाटा मात्र ह्यांनी स्वतः घासून दिला. मी तो अजून वापरलेला नाही. धजत नाही.

मोहफुलं पडायला लागल्यावर आम्ही गेलो. एक रात्र राहिलो. जुन्या वस्तीतल्या एका घरानं प्लग दिला, तो मी आधी तपासून घेतला. हे आल्यागेल्याला सांगत होते, "घरीच बनवली, आम्हीच." मी ते ऐकून झाडाखाली जाऊन बसले.

सकाळी बाई उतरायला निघाली. मी खाली हात देऊन उभी होते. तिनं दाराची चौकट धरली नाही. मी शिकवलं होतं तसं आधी हाताची पाठ लावून पाहिली, हळूच, तापलेला तवा पाहावा तशी. मग धरली, आणि अनवाणी पाय खाली पडलेल्या फुलांवर ठेवला.