शेवटचं कडवं

यशवंत कांबळेला मी फसवलं. शिरवळच्या सीडीवाल्यानं मला फसवलं, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. पहिलं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही.

आष्ट्याच्या बाजारात हातगाडीवर कॅसेट विकत मी वर आलो. घासाघीस करताना समोरच्याला घाम फोडायचा, हाच माझा धंदा. यशवंता गवंडीकाम करायचा. भीमगीतं रचायचा आणि गायचा. त्याची कॅसेट काढायचं मी ठरवलं. सांगलीत तेव्हा एकाकडे नुकतीच कॉम्प्युटरवर आवाज भरायची सोय झाली होती. तो म्हणायचा, टेपची नक्कल करत गेलं की आवाज बसतो. याची हजारावी नक्कलही पहिल्यासारखीच निघेल, पुढं तर गाणी टेलिफोनच्या तारेतून घरी येतील. मी ऐकत होतो आणि डोक्यात एकच—मग ती गाणी कुणाची म्हणायची?

आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. तोच त्याचा सातबारा. आणि मला कव्हरवर गीतकार म्हणून माझं नाव छापायचं होतं. मग मी—कसं सांगू?—त्या कॉम्प्युटरवाल्याला प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं कापून टाकायला लावलं. पडद्यावर आवाजाची नुसती वेडीवाकडी रेघ होती. माऊसची एक टिचकी, आणि माणूस पुसला गेला.

यशवंता कॅसेट ऐकायला दुकानात आला. पहिलं गाणं संपून दुसरं लागलं, तशी त्यानं मान वर केली.

"आवं शेट, नावाचं कडवं न्हाई आलं."

"कॉम्प्युटरात जागा पुरली न्हाई रं."

"येवढी मोठी मशीन, आन् माझं नाव तेवढं मावंना व्हय?"

तो हसला. कव्हर त्याच्या हातातच होतं. वाचलं असेल का? वाचलंच असणार. कव्हर गल्ल्यावर ठेवून तो कामावर गेला.

पुढं शिरवळला हायवेवर तीच गाणी सीडीवर विकायला दिसली. मी विकणाऱ्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "तुमची कशावरनं? कव्हर काय, मी बी छापलंय." गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं.

नंतर कडेगावला जयंतीत यशवंता गात होता. मी मागं उभा. शेवटचं कडवं उचलायला त्यानं हात वर केला, आणि ढोलकीवाल्यानं थाप बंद केली. तो माझी कॅसेट ऐकून शिकलेला. त्याच्या लेखी गाणं तिथंच संपत होतं. टाळ्या पडल्या. यशवंताचा हात खाली आला. पुढचं गाणं त्यानं स्वतःच शेवटच्या कडव्याआधी थांबवलं.

जाब द्या, जाब द्या म्हणून मी शिरवळवाल्याच्या नावानं इतकी वर्षं ओरडलो. यशवंताचं नाव त्याच्याच तोंडातून गेलं, त्याचा जाब मी द्यायचा आहे. विचारायला तो आजवर आलेला नाही.