मामेसासऱ्यांचा उजवा पाय

येडशीपासून परंड्यापर्यंत व्हायोलिनची अभिजात परंपरा आजवर एकाच माणसानं टिकवून धरली आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. त्यांच्याआधी इथं ती परंपरा नव्हती आणि त्यांच्यानंतर असेल असं चिन्ह नाही. पण टिकवून धरली आहे, हे खरं. येडशीच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता ते रविवारी एसटीनं सोलापूरला व्हायोलिन शिकायला जात. वाद्याला धक्का लागू नये म्हणून ते शेजारच्या सीटवर ठेवत आणि त्याचं अर्धं तिकीट मागत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "सर, वय काय ह्याचं?" मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "चाळीस." "मग फुल लागंल," तो म्हणाला. मामांनी फुल काढलं.

पुढची कारकीर्द कीर्तनांच्या साथीत आणि पाहुणे उशिरा येणार असलेल्या समारंभांत गेली. स्वतःचं असं वादन वर्षातून एकदाच: पहिल्या श्रावणी सोमवारी रामलिंगाच्या देवळात, पूजेनंतर एक राग. श्रोते म्हणजे भाविक आणि नारळावर नजर ठेवून बसलेली माकडं. ही सेवा मामांनी कधी चुकवली नाही. बैठकही कधी बदलली नाही: मांडी घालायची, व्हायोलिन छातीशी टेकवायचं आणि त्याचं टोक उजव्या पावलावर ठेवायचं, म्हणजे डावा हात मोकळा राहतो आणि सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड लांब जाते. कुणी खुर्चीत बसून वाजवताना दिसला की ते टीव्ही बंद करत. "खुर्चीत बसून इलेक्शन ड्यूटी करतात, जावईबापू. व्हायोलिन न्हाय."

अशा माणसाचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन करून नवा बसवला आणि डॉक्टरांनी बजावलं, की आता मांडी घालायची नाही, कधीच. "मग माणसानं करायचं काय?" मामांनी विचारलं. "चालायचं," डॉक्टर म्हणाले. मामा घरी आले, व्हायोलिन कपाटावर ठेवलं आणि यंदा रामलिंगाची सेवा खंडित होणार असं येईल त्याला सांगू लागले. श्रावण महिनाभरावर आला होता. मामी एवढंच म्हणाल्या, "गुडघा बदलला. हट्ट तेवढा जुनाच ठिवला डॉक्टरांनी."

व्यायाम असा होता, की खुर्चीत बसून पाय समोर स्टुलावर सरळ ठेवायचा आणि स्वस्थ बसायचं. मामांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. त्यांची कुरकुर ऐकून कंटाळलेल्या मामींनी एके दिवशी व्हायोलिन काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "वाजवा न्हायतर नका वाजवू. पण बोलू नका." तासाभरानं घरात सूर आला. व्हायोलिनचं टोक नव्या गुडघ्यापर्यंत नेमकं पोचत होतं. खाली टॉवेलची घडी पुरे.

सोमवारी आम्ही मामा, खुर्ची आणि स्टूल असे तिघे रामलिंगाला नेले. मामा बसले, तर पुजारी धावत आले, "सर, पाय देवाकडं नको." खुर्ची फिरवली. समोरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्याकडंबी नको." शेवटी पाय दाराकडे केला, तिकडं कुणीच नव्हतं. मामांनी डोळे मिटून अहिरभैरव सुरू केला, आणि आलाप रंगात येत असताना तालुक्याचे एक पुढारी दहाबारा माणसांसह दारातून आत आले. समोर कमरेच्या उंचीवर एका वृद्धाचं पाऊल पुढं केलेलं. आयुष्यभराच्या सवयीनं ते वाकले आणि त्यांनी नमस्कार केला. मग मागच्या दहाबारांनीही केला. मामांचे डोळे मिटलेलेच होते. संध्याकाळी 'ज्येष्ठ कलावंतापुढे नेतृत्व नतमस्तक' असा मजकूर, फोटोसकट, तालुकाभर फिरला.

त्यानंतर मामांना, खुर्ची-स्टुलासकट, आमंत्रणं येऊ लागली आहेत. सोनारीला झालं, तामलवाडीला ठरलं आहे. पाहुणे वेळेवर येतात, आधी पाया पडतात आणि मग, निघायचं कसं हे न सुचून, ऐकतात. मामांना यातलं काही विचित्र वाटत नाही. मला मात्र त्या सकाळचं एवढंच आठवतं, की पाया पडण्याच्या त्या गर्दीतही मींड कुठं तुटली नाही, आणि खांबाजवळ बसलेल्या मामी नारळ माकडानं नेला तरी उठल्या नाहीत.

स्टूल मामींचं होतं. वरच्या फळीवरचे डबे काढायला त्या आता शेजारणीला हाक मारतात.