घोळाची भाजी, फक्त एक चमचा

मी एकदा शेजारणीला कॅमेऱ्यासमोर जेवू घातलं आणि त्या रात्री आमच्या घरात कोणालाच झोप लागली नाही.

अमेरिकेत कॅरी गावी मुलाकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. नात इरा सातवीत. शाळेसाठी तिला मुलाच्या कॅमेऱ्यावर छोटा व्हिडिओ करायचा होता, विषय रानभाज्या. शेजारच्या मार्थाबाई टोमॅटोच्या वाफ्यातून घोळ तण म्हणून उपटून फेकायच्या. (माझा जीव तुटायचा, पण तो इंग्रजीत कसा तुटतो ते ठाऊक नव्हतं.)

इराने रीतसर परवानगी घेतली, वाफ्यावर औषध मारलेलं नाही ना ते विचारलं, देठ मोडून पांढरा चीक येत नाही, म्हणजे ही घोळीसारखी दिसणारी विषारी वनस्पती नव्हे, हे दाखवलं. भाजी मी केली, ताकातली. चेहरा दिसणार नाही, फक्त वाढायचं, या अटीवर मी तयार झाले.

नवी भाजी पहिल्यांदा एकच चमचा खायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हे इरा कॅमेऱ्याला इंग्रजीत सांगत होती. (अर्थ मला आधी समजावला होता, म्हणजे सबब नाही.) मार्थाबाईंनी चमचाभर खाल्ली. वाटी रिकामी झाली. पाहुण्याची वाटी रिकामी आणि मी बघत बसू? पळी आपोआप पुढे गेली.

"आजी! जस्ट वन स्पून!"

"अगं, एवढंसं वाढलं तर बाई काय म्हणतील?"

पुन्हा शूटिंग, पुन्हा रिकामी वाटी, पुन्हा पळी. मार्थाबाईही भल्या, वाढलेलं टाकत नव्हत्या. पातेलं खरवडून झालं तेव्हा इरा हळूच म्हणाली, "आता तिला काही झालं तर?"

मुलगा म्हणाला, "आई, हा पाहुणचार होता की प्रयोग?"

सकाळी शाळेत व्हिडिओ द्यायचा होता आणि त्याच्या शेवटी मार्थाबाई ठणठणीत दिसायला हव्या होत्या. रोज उजाडताच वाफ्याला पाणी घालणाऱ्या बाईंचा आज पडदासुद्धा उघडला नव्हता. इराचे डोळे भरून आले. कोणाच्या दारी एकटी न जाणारी मी, चपला घातल्या आणि जाऊन दार वाजवलं. इरा कॅमेरा घेऊन मागून धावली.

बऱ्याच वेळाने मार्थाबाई डोळे चोळत आल्या आणि काहीतरी बोलल्या. मी इराकडे पाहिलं.

"आजी, शी स्लेप्ट ग्रेट. भाजी उरली आहे का विचारतेय."

व्हिडिओ वर्गात दाखवला गेला. पळीचा भाग इराने काढला नाही. त्याखाली फक्त लिहिलं, 'असं करू नका'.

मी चौथीपर्यंत शिकले, पण लाजेपायी वर्गात कधी हात वर केला नाही. नातीच्या वर्गाने मात्र माझा तेवढा हातच पाहिला, पळीसकट.