काकी आणि अकरा महिन्यांचा सिलेंडर

आख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात कुणाच्याही स्वयंपाकघरात न विचारता घुसून पातेल्यावर झाकण ठेवणारी एकच बाई आहे, आणि ती माझी धाकटी काकी आहे. एका संस्थेनं गावात गॅस आणि लाईट कशी वाचवायची याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, निळी टोपी दिली, आणि तेव्हापासून काकी ‘ऊर्जाताई’ झाली. टोपी ती डोक्यावरच्या पदरावर घालते. रस्त्यानं जाताना कुणाच्या कुकरची चौथी शिट्टी ऐकू आली की तिथूनच विचारते, “सुमे, डाळ शिजवतीस का दगड?” एकदा तर एका दहाव्याला सगळे पिंडाला कावळा कधी शिवतोय म्हणून गप्प उभे, आणि ही तिकडं आचाऱ्याला सांगतीये, तूर आधी भिजत घातली असती तर निम्मी लाकडं वाचली असती. काकांचे हाल तर विचारूच नका. उन्हावर पाणी तापवायला तिनं गच्चीत काळा रंग दिलेला ड्रम ठेवलाय आणि तो तापतो दुपारी तीनला, म्हणून काका ऐन थंडीत दुपारी तीनला आंघोळ करतात. “माजी आंघोळ सूर्यनारायणाच्या सवडीनं हाय,” असं ते येईल त्याला सांगतात. काकीनं हे कौतुक समजून फॉर्मवर लिहून घेतलंय.

हो, फॉर्म. प्रत्येक घराचा एक, आणि त्यात खरा महत्त्वाचा रकाना एकच: सिलेंडर किती दिवस पुरला. जास्त दिवस म्हणजे जास्त बचत, म्हणजे घर हुशार. त्यात वरच्या आळीतल्या भामाआत्या पहिल्या आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहतात, आणि एक सिलेंडर अकरा महिने. काकी इतकी हरखली की घरोघरी भामाआत्यांचं नाव घेऊन बायकांना बोलायला लागली. संस्थेचे साहेब म्हणाले, यांचा सत्कार करू, फोटो काढू, यशोगाथा छापू. लगेच बॅनर आला. त्यावर भामाआत्यांचं नाव, आणि खाली काकीचं, जरा मोठ्या अक्षरात.

सत्काराच्या आदल्या दिवशी भामाआत्यांना भाषण शिकवायला काकी माझ्या स्कुटीवर बसून गेली.

“आत्या, लोकांला सांगायचं, गॅस कसा पुरवते ते.”

“त्यात काय सांगायचं, बाई.”

“चूल पेटवता का मधी?”

“चुलीला लाकूड कोन आननार? आदी बांधावरनं आनायचे मी. आता गुडघं न्हाई म्हनत्यात.”

“मग?”

“रविवारी न् बुधवारी भाकरी करते की. बाकीच्या दिशी त्याच पान्यात भिजवायच्या, चटनी लावायची. तुज्या फारमात बसतंय न्हवं?”

काकीनं डोक्यावरची निळी टोपी काढून मांडीवर ठेवली. भामाआत्या मात्र उठल्या आणि शेगडी पेटवली. “च्या घ्या. पावनं आल्यावर पेटवतेच मी.”

घरी येऊन काकीनं साहेबांना फोन लावला. “साहेब, सत्कार रद्द करा. ती बाई गॅस वाचवीत न्हाई, जेवान वाचवतीय.”

“पण ताई, बॅनर छापलाय.”

“मग फारमात नवा रकाना घाला. घरात रोज शिजतंय का न्हाई, आसा.”

“रकाने वरून येतात, ताई.”

काकीनं फोन ठेवला आणि डबा भरून वरच्या आळीला गेली. भामाआत्यांनी डबा जसाच्या तसा परत पाठवला, मी काय मागायला आले हुते का म्हणून. सत्कार तर राहिलाच, पण दुसऱ्या दिवसापासून काकी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं पाहुणी म्हणून जाते. पदराआड पीठ नाहीतर मेथीची जुडी, “आमच्यात लई झाली,” असं म्हणत. पाहुणीला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून शेगडी पेटते, भाकरी होते, आणि पाहुणीबरोबर घरच्या बाईलाही गरम जेवावंच लागतं.

पुढचा सिलेंडर चार महिन्यांत संपला. भामाआत्या अगदी ओशाळल्या. “तुजा नंबर घालवला बाई मी,” म्हणाल्या. काकीनं टाकी तिरकी करून, हलवून बघितली, खरंच रिकामी झालीये ना म्हणून. झाली होती. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. मग डोळ्यांना पदर लावत ती माझ्यामागं स्कुटीवर बसली, आमच्या घरची भरलेली टाकी आणायला.