ओदीलसाठी शेवंती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागले की मला मध्ये कुणी हसलेलं चालत नाही. माझ्यासारखी शहाणी बाई एका वाटीभर शिऱ्यानं आणि दोन कुंड्यांनी शेजारच्या घरात काय हाहाकार उडवू शकते, ते ऐकाच!

आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, नोव्हायला राहायचो. शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं आणि त्यामुळे माझा जीव कासावीस. खिडकीतून बघायचं तरी काय? मग सप्टेंबरात एक जोडपं आलं. ओदील आणि तिचा नवरा झेरोम, दोघंही फ्रान्सचे. झेरोम गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. ओदील माझ्याच वयाची, आणि इंग्रजी दोघींचं सारखंच लंगडं. त्यामुळे आमचं फार छान जमायचं. व्याकरणाची भीती कुणाला नाही!

शेजारी फ्रेंच आलेत म्हटल्यावर मी गप्प बसते की काय? शिक्षण माझं अकरावीपर्यंत, पण चौकशीत मी डबल ग्रॅज्युएट. लायब्ररीत जाऊन फ्रान्सवरचं मुलांचं पुस्तक आणलं. मोठी अक्षरं, भरपूर चित्रं. पॅरिसमधून सीन नदी वाहते, पाव लांबलचक असतो, दुकानात शिरल्यावर आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, भेटल्यावर गालाला गाल लावायचा, कपड्यांच्या बाबतीत लोक भारी चोखंदळ. सगळं पाठ! ओदीलची आई डिजाँ नावाच्या गावात राहते हे कळल्यावर मी ताडकन म्हटलं, “मोहरीचं गाव!” ओदीलला कोण आनंद झाला. फोडणीत घालता का, असं मी पुढे विचारलं, ते सोडा.

तर ऑक्टोबरात तिच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. वय ऐंशीच्या पुढे. ओदील तिकडे जायला निघाली, तर आईनंच दटावलं, “येऊन काय करणार? डॉक्टर तू आहेस का?” नेमका त्याच आठवड्यात वादळात त्यांचा फोन बंद पडलेला आणि झेरोमच्या ऑफिसच्या मोबाइलला घरात रेंज नाही. मग ओदीलनं भावाला आमचा नंबर दिला. “ऑपरेशन झालं की इथे कळव,” म्हणून.

म्हणजे बघा, एका माणसाच्या जिवाची बातमी माझ्या हाती येणार होती! माझ्या!

त्या दिवशी सकाळपासून मी कॉर्डलेस फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरत होते. पुण्याहून बहिणीचा फोन आला. बिचारीनं कॉलिंग कार्ड घासून लावला होता, तर मी म्हटलं, “ठेव, ठेव, लाइन मोकळी ठेव!” आंघोळीला गेले तर फोन बाहेर स्टुलावर आणि दार किलकिलं. ओदील आणि झेरोम सकाळी आमच्याकडेच येऊन बसले होते. पण तिला बसवेना. उठायची, घड्याळ बघायची, पुन्हा बसायची, कप उचलून तसाच ठेवायची. तिचं बघून मी पण उठबस करायला लागले. शेवटी झेरोम म्हणाला, “चल, तळ्याभोवती एक चक्कर मारून येऊ. फोन दुपारशिवाय येणार नाही.”

त्यांची पाठ वळली आणि थोड्याच वेळात फोन वाजला!

भाऊच होता. त्याचं इंग्रजी माझ्याहून बरं. ऑपरेशन उत्तम झालं. आई शुद्धीवर आली आणि आल्या आल्या कॉफी मागितली. मिळाली नाही म्हणून नर्सशी भांडली. आता झोपलीय, तुमच्याकडे एक वाजता फोन लावतो, ती स्वतः बोलेल.

मी उडालेच! तळघरात आमचे हे ऑफिसचं काम करत बसले होते, तिथपर्यंत धावत जाऊन सांगितलं.

हे म्हणाले, “अगं, मग तळ्यावर जा आणि सांग त्यांना.”

“तळ्यावर? रस्त्यात? अशी बातमी काय रस्त्यात सांगतात?”

“मग कुठे सांगतात?”

“घरात! बसवून, पाणी देऊन, तोंड गोड करून. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्याच आई, उंबऱ्यात कधी शब्द काढायच्या नाहीत.”

“आधी सांग आणि मग काय घालायचं ते तोंडात घाल,” हे म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले. त्यांना काय कळतंय?

शिरा परतला. केशर घातलं, हात आखडला नाही. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? गाडी काढून कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत गेले. ऑक्टोबर म्हणजे दुकानाच्या दारात भोपळ्यांच्या राशी आणि शेजारी शेवंतीच शेवंती. इथले लोक तिला मम्स म्हणतात आणि घरोघरी पायऱ्यांवर मांडतात. आपल्याला शेवंती म्हटलं की काय आठवतं? सत्यनारायण, वेणी, दाराचं तोरण! चांगल्या पोसलेल्या दोन कुंड्या उचलल्या, एक पांढरी, एक पिवळी.

परत आले आणि खिडकीला नाक लावून उभी. आले! कुलूप काढून ते आत गेले. दोन काखांत दोन कुंड्या, पिशवीत शिऱ्याचा डबा, आणि मी निघाले. बेल कोपरानं दाबली.

ओदीलनं दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं. मग कुंड्यांकडे. आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला म्हणता!

“भावाचा फोन?” तिनं विचारलं.

“हो, आला ना! आधी आत चला. बसा.”

ती भिंतीला धरून सोफ्यापर्यंत गेली. मी कुंड्या मधल्या टेबलावर छान मांडल्या. झेरोम आला, त्यानं कुंड्या बघितल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि बायकोला जवळ घेतलं. ओदीलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, किती समजूतदार माणसं! माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं की सगळं चांगलं झालं. माझेही डोळे भरून आले. तिघंही रडतोय!

“पाणी प्या,” मी म्हटलं. “आता काळजी संपली.”

झेरोम वर गेला आणि सुटकेस घेऊन खाली आला. हातात हँगरवर काळा सूट. मी मनात म्हटलं, वा! जावई असावा तर असा! सासूला भेटायला लगेच निघाला, आणि दवाखान्यात जायचं तरी कपडे बघा! पुस्तकात लिहिलं होतं ते काही खोटं नाही.

“फार शोभेल तुम्हाला,” मी म्हटलं.

झेरोमनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. पण माझं लक्ष डब्याकडे. चमचाभर शिरा ओदीलच्या तोंडापाशी नेला.

“आ करा.”

“आत्ता?” ती हुंदका देत म्हणाली.

“आत्ताच! अशा वेळी आमच्यात गोड खातात.”

“खरंच? अशा वेळी?”

“मग! आमच्या गावी तर गल्लीभर पेढे वाटतात. कुणी कुणी बँडसुद्धा लावतात.”

झेरोमनं बायकोकडे बघितलं, बायकोनं झेरोमकडे. बिचारीनं शेजारधर्म म्हणून रडत रडत शिरा गिळला. मी दुसरा चमचा भरला आणि जावयाच्या तोंडात दिला.

“झालं तोंड गोड? आता ऐका,” मी हात पुसत म्हटलं. “एक वाजता आमच्याकडे यायचं. आई तुमच्याशी फोनवर बोलणार आहेत.”

ओदीलनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

“कोण बोलणार आहे?” ओदीलनं विचारलं.

“तुमची आई.”

ओदीलनं छातीवर क्रूस काढला. झेरोमच्या हातातला हँगर खाली पडला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “मादाम, कुठून बोलणार आहे?”

“दवाखान्यातून! आणखी कुठून? शुद्धीवर आल्या आल्या कॉफीवरून नर्सशी भांडल्या म्हणे.”

बाई गं! ओदील अशी काही किंचाळली! उठली, मला मिठी मारली, मग उशीनं बडवलं, मग पुन्हा मिठी. झेरोम सुटकेसवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसतोय की रडतोय ते समजेना. मी आपली चमचा हातात धरून उभी.

“अहो, पण तुम्हाला वाटलं तरी काय?”

ओदीलनं शेवंतीकडे बोट केलं. “ही फुलं! आमच्या देशात ही फक्त मेलेल्या माणसाला देतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळी थडगी ह्यांनीच भरतात. कुणाच्या घरी कुणी नेत नाही. कधीच नाही!”

“अहो, पण इथे सगळ्यांच्या दारात आहेत की!”

“त्यांच्या दारात बघायची मला सवय झाली. पण आजच्या दिवशी, तुझ्या हातात, आणि तू म्हणतेस ‘बस’!”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मुलांच्या पुस्तकात थडग्यांवरची फुलं कोण छापतं हो? आणि मी, आईच्या मरणावर त्या पोरीला चमच्यानं शिरा भरवला! वर बँडचं सांगितलं! मी घाईघाईनं कुंड्या उचलल्या. ओदीलनंच माझ्या हातून त्या घेतल्या आणि मागच्या दाराबाहेर ठेवल्या.

तेवढ्यात आमच्या घरून हे पायऱ्यांवर येऊन ओरडले, “अगं, फोन! फ्रान्सहून!”

आम्ही तिघं गवतातून धावत सुटलो. ओदीलनं फोन कानाला लावला. पलीकडून म्हातारीचा बारीकसा आवाज आला आणि ओदील मटकन खाली फरशीवरच बसली. बराच वेळ नुसतं “मामाँ, मामाँ.” मग हळूहळू बोलायला लागली. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. म्हातारीला दिसत असल्यासारखे हातवारे करून शेवंती दाखवली, चमचा दाखवला, झेरोमचा सूट दाखवला. पलीकडून हसण्याचा आणि मध्येच कळवळण्याचा आवाज. टाके होते ना!

ओदीलनं फोनवर हात ठेवला.

“आई तुला एक विचारतेय.”

“विचारू दे की,” मी ओशाळून म्हटलं.

“ती विचारतेय, तू सगळ्यांकडेच अशी वेळेच्या आधी पोचतेस का?”

मी काही बोलायच्या आत हे जिन्यातून म्हणाले, “हो म्हणावं! आणि बोलावल्याशिवाय.”